शेडमधला उजेड आणि उलटा फिरणारा चक

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. तुझ्या गुडघ्याचे कळव. इतके दिवस पत्र लिहिले नाही म्हणून तू रागावला असशील, पण आज जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावे हेच कळेना.

मागच्या अंगणातल्या शेडमध्ये लाकूड फिरवून कातायचा लेथ बसवला आहे, हे तुला ठाऊकच आहे. काल रात्री मोटार सुरू होती आणि पुतण्या म्हणाला, "काका, हा चक उलटा का फिरतोय?" खरोखरच, मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरणारा, लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक संथपणे उलट दिशेने सरकताना दिसत होता, आणि मुलगा त्यात बोट घालणार इतक्यात मी त्याचा हात धरला. स्वस्त ट्यूबचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा भाग, सेकंदाला १०० वेळा उजेड कमी-जास्त करतो. दोन लुकलुकींमधल्या अवधीत चक पाव फेरीहून किंचित कमी फिरतो, म्हणून प्रत्येक जबडा पुढच्याच्या जागी जरासा मागे दिसतो. आयटीआयमध्ये प्रत्येक लेथवर पिवळा बल्ब का असे, ते आठव. त्याची तापलेली तार अशी लुकलुकत नाही. तू मात्र डोके तापते म्हणून तो विझवायचास आणि सरांची बोलणी दोघांनाही खावी लागायची. त्या भांडणात चूक तुझीच होती, हे मी अजूनही म्हणतो.

आता सगळेच दिवे बदलायचे ठरवले आहे, आणि खरी अडचण छताच्या उंचीची आहे. शेडचे पत्रे वळचणीपाशी नऊ फुटांवर आणि आढ्यापाशी चौदा फुटांवर आहेत. दुकानदार म्हणतो, आढ्याला शंभर वॅटचा एक हाय-बे दिवा टांगा, काम संपले. तो दिवा मोठ्या गोदामांच्या उंच छतांसाठी असतो. इथे एकाच जागचा प्रखर झोत आला, की मी कामाच्या ओट्यावर वाकताच माझ्या डोक्याची सावली नेमकी पटाशीच्या धारेवर पडणार. शिवाय ओटा तीन फुटांचा, म्हणजे आढ्यापासून अकरा फुटांवरून त्यावर पडणारा उजेड त्याच दिव्याच्या साडेसहा फुटांवरच्या उजेडाच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

म्हणून चार फुटी, वीस वॅटच्या बॅटनच्या, म्हणजे पट्टीसारख्या लांब ट्यूबच्या, दोन रांगा छताच्या कैचीपासून साखळीने साडेनऊ फुटांवर टांगाव्यात, असे मला वाटते. दहा बाय पंधरा फुटांचे सुमारे चौदा चौरस मीटर होतात. बारीक कामाला ५०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन उजेड हवा, तर कामाच्या पातळीवर ७,००० ल्युमेन लागतात आणि भिंती, पत्रा व धूळ यांत अर्धा उजेड जातो असे धरले तर १४,०००, म्हणजे साधारण दोन हजार ल्युमेनच्या सात ट्यूब. एक रांग ओट्याच्या पुढच्या कडेवर हवी, माझ्या पाठीमागे नव्हे. पॉलिशसाठी ६५०० केल्विनचा निळसर उजेड नको, त्यात सागवान आजारी दिसते. ४००० केल्विन आणि रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर असलेल्याच घेणार. घेण्यापूर्वी मोबाईलचा कॅमेरा लावून पडद्यावर काळे पट्टे सरकतात का ते पाहणार आहे.

पण खोच अशी, की आठ बाय चारची प्लाय उभी करताना तिचा कर्ण जवळजवळ नऊ फूट होतो. म्हणजे साडेनऊ फुटांवरच्या ट्यूबला सहा-सात इंचांचीच मोकळीक राहते आणि पुतण्याच्या हातातली प्लाय कधी कशी वळेल याचा भरवसा नाही. रांग दहा फुटांवर घ्यावी आणि एक ट्यूब वाढवावी, की दिवे खालीच ठेवून प्लाय बाहेर अंगणातच कापावी? तू शेडची कामे केली आहेस. "तुझे तू बघ" असे उत्तर मात्र देऊ नकोस. ओट्याच्या उंचीच्या वेळीही तू तेच म्हणाला होतास आणि मग दोन वर्षे माझ्या पाठदुखीवर हसत राहिलास.

मुलीला नोकरी लागल्याचे ऐकले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग. बॅटनची मागणी शनिवारी द्यायची आहे, त्याआधी फोन कर.

तुझा,
दत्ता