खर्चीवाल्याची मजुरी पंधरा दिवसांत मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनानंतर देशातील उद्योग कसे सावरले, याचा आढावा घेणारा लेख आपल्या अंकात वाचला. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे 24 टक्क्यांनी घसरले होते आणि पुढच्याच आर्थिक वर्षात विकासदर आठ टक्क्यांच्या पुढे गेला, याविषयी माझा वाद नाही. मात्र उत्पादन पूर्वपदावर आले म्हणजे ते काढणारा कारखानदारही सावरला, असे लेखात गृहीत धरले आहे. इचलकरंजीत गेली अनेक वर्षे माग चालवणारा माणूस म्हणून मला ते पटत नाही.

मी खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. व्यापाऱ्याकडून ताण्याची (उभ्या धाग्यांची) बिमे, म्हणजे धागे गुंडाळलेले मोठे रूळ, आणि बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) सूत घ्यायचे, कापड विणून द्यायचे आणि मीटरमागे मजुरी घ्यायची, असा आमचा व्यवसाय. सूत आमचे नसते, कापडही आमचे नसते. माग, जागा, वीज आणि कामगार मात्र आमचे असतात. 1904 साली या गावात पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे लाखभर मागांचे शहर उभे राहिले, त्यात खर्चीवाल्यांचा वाटा फार मोठा आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या शेडमधील सोळाही मागांवर अर्धवट विणलेली बिमे होती. जूनमध्ये कुलूप काढले तोवर वळवाचे पाऊस होऊन गेले होते. ताण्याच्या खळीला ओल धरून तारा, म्हणजे धागे, एकमेकींना चिकटल्या होत्या, फणीवर गंज चढला होता आणि माग सुरू केला की दर चार बोटांवर तार तुटत होती. माग दुरुस्त करणारा जॉबर आणि बिमाचे धागे ओवून देणारा वहीफणीवाला दोघेही गावाकडे गेलेले. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगार मे महिन्यातच श्रमिक रेल्वेने निघून गेले होते. ती बिमे मी आणि माझ्या पत्नीने मिळून कशीबशी उतरवली. त्यातले बरेच कापड डागी निघाले आणि त्याची कपात व्यापाऱ्याने माझ्या मजुरीतून केली. रूढीप्रमाणे ते बरोबरच होते, म्हणून मी काही बोललो नाही.

त्यानंतर मदतीच्या योजना आल्या आणि त्यांचे मोल मी नाकारत नाही. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आधी तीन आणि नंतर आणखी तीन महिन्यांची, म्हणजे 31 ऑगस्ट 2020 पर्यंत सवलत दिली. केंद्र सरकारने तीन लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी जितके कर्ज शिल्लक असेल त्याच्या 20 टक्के नवे कर्ज तारणाशिवाय मिळत होते, पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नव्हते आणि बँकांच्या व्याजाला सव्वानऊ टक्क्यांची मर्यादा होती. ज्यांचे कर्ज पतसंस्थेचे किंवा सावकाराचे होते, त्यांच्यापर्यंत ही योजना पोहोचली नाही, आणि आमच्या गल्लीत असेच लोक जास्त होते. माझे बँकेतील कर्ज सात लाखांचे असल्याने मला एक लाख चाळीस हजार मिळाले.

आता दुसरा हिशेब मांडतो. त्या काळात माझी महिन्याची मजुरी एक लाख दहा हजारांच्या आसपास होती. कोरोनापूर्वी व्यापारी महिना, फार तर दीड महिन्यात पैसे देत असे. पुन्हा काम सुरू झाल्यावर ती मुदत तीन महिन्यांवर गेली. म्हणजे कोणत्याही दिवशी माझे तीन लाख तीस हजार रुपये व्यापाऱ्याकडे अडकलेले असत. सरकारने हमी देऊन मला जितके कर्ज दिले, त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम माझ्याच घामाची होती आणि ती बिनव्याजी दुसऱ्याच्या धंद्यात फिरत होती. कामगारांचा पगार मला दर आठवड्याला करावा लागतो आणि विजेचे बिल महिन्याला भरावे लागते. त्यासाठी मी घेतलेल्या कर्जावर मात्र व्याज चालू होते. माझी मजुरी वेळेवर मिळाली असती, तर त्या कर्जाची मला गरजच पडली नसती.

यात सगळा दोष व्यापाऱ्याचा आहे, असे मी म्हणणार नाही. त्याचेही पैसे पुढच्या पेठेत अडकलेले असतात. मे 2022 मध्ये कापसाच्या खंडीचा भाव लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा सूत घेऊन ठेवावे की थांबावे, हे त्यालाही कळत नव्हते. पण अशा ओढाताणीत साखळीतील प्रत्येक जण आपला भार खालच्यावर ढकलतो आणि खर्चीवाल्याच्या खाली फक्त कामगार असतो. त्याचा शनिवारचा पगार थांबवणे माझ्याच्याने झाले नाही. त्याऐवजी मी चार माग किलोच्या भावाने भंगारात घातले. आमच्या शहरात असे माग विकणारा मी एकटा नाही; भिवंडी आणि मालेगावातही हेच घडले आहे.

लहान उद्योगांच्या थकबाकीसाठी कायदा नाही, असेही नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत आणि लेखी करार नसेल तर मुदत अवघ्या 15 दिवसांची आहे. आमच्या धंद्यात लेखी करार कोणीच करत नाही, म्हणजे कायद्याने माझी मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही द्यावे लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकर कायद्यात बदल झाला असून मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. हा बदल आला तेव्हा आम्हाला मोठी आशा वाटली होती. पण माझ्या एका व्यापाऱ्याने मला सरळ सांगितले, की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, असलेल्यांना यापुढे बिमे देणार नाही, नोंदणी रद्द करून ये. मी ती रद्द केली. मागावर बीम नसेल तर कायदा हाती असून काय उपयोग, असा विचार त्या वेळी केला आणि आजही त्याची मला टोचणी आहे.

तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद आहे, पण तिथे तक्रारदाराचे नाव द्यावे लागते. व्यापाऱ्याविरुद्ध नाव दिलेल्या खर्चीवाल्याला दुसऱ्या दिवशी पेठेत कोणी बीम देईल का? बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर नोंदणीची सक्ती 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आहे. आमचे व्यापारी त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

यावर उपाय अवघड नाही, असे मला वाटते. जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून घेण्यासाठी, पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचे चलनवार (पावतीनिहाय) विवरण व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कर खात्याकडे भरावेच लागते. म्हणजे कापड कोणत्या तारखेला परत आले, ही माहिती सरकारदरबारी येतच असते. त्याच विवरणात मजुरी दिल्याच्या तारखेचा एक रकाना वाढवावा आणि पंधरा दिवस उलटले तर खात्यानेच विचारणा करावी, म्हणजे खर्चीवाल्याला कोणाविरुद्ध बोट दाखवावे लागणार नाही. दुसरे असे, की सुलभीकरण परिषदेकडे यंत्रमागधारक संघटनेला सभासदाचे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची मुभा मिळावी. आणि उद्यम नोंदणी काढून घेण्यासाठी दबाव आणणे हा स्वतंत्र अपराध ठरवावा.

वस्त्रोद्योगावरील कर पाच टक्क्यांवरून बारा टक्के होणार होता, तेव्हा देशभरातून विरोध झाला आणि 31 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे वाढ लागू होण्याच्या आदल्या दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेने बैठक घेऊन ती थांबवली. मनात आणले तर निर्णय किती लवकर होतो, हे आम्ही तेव्हा पाहिले. त्या वेळी व्यापारी, कारखानदार आणि आम्ही एकाच बाजूला होतो. मजुरीच्या प्रश्नावर तसे होणार नाही, म्हणून आपल्यासारख्या वृत्तपत्राने तो उचलून धरावा, अशी विनंती आहे. आपल्या वार्ताहराने एखाद्या शनिवारी दुपारी आमच्या भागात यावे आणि पगाराआधी कोण कोणाच्या दारात पैशासाठी उभे असते, ते स्वतः पाहावे.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक, इचलकरंजी