ब्रेकची हवा काढण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

ब्रेकचे पाइप बदलून झाले आणि शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तू नि तुझी मैत्रीण मिळून ब्रेकची हवा काढणार, हे कळल्यावर ठरवलं की सगळं लिहूनच पाठवावं. फोनवर ऐकलेलं गाडीखाली आडवं झाल्यावर आठवत नाही. कागद बाजूला ठेवून वाचता येतो.

गाडी इतकी वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उभी होती, तेव्हा पाइप गंजणारच होते. पण ते सगळीकडे सारखे गंजत नाहीत. पत्र्याला क्लिपने धरलेले असतात तिथे ओल साठते आणि क्लिपच्या आड पाइप खात जातो. तुझ्या फोटोत मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपवर नेमके तिथेच पापुद्रे सुटलेले दिसत होते. तेवढाच तुकडा न बदलता सगळे पाइप बदललेस, हे फार बरं केलंस. नाना पेठेतून फ्लेअर केलेले, म्हणजे टोकाला तोंड पसरवलेले, तयार पाइप आणलेस तेही योग्यच. तोंडाशी फ्लेअर नीट नसेल तर जोड कितीही आवळा, तेल झिरपतंच.

माझी नोकरी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात गेली. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तिथे हवा कमी पडली की धोका. तुझ्या गाडीत बरोबर उलट आहे. पाइपात तेल असतं आणि तेल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत जातो. मध्ये बुडबुडा राहिला तर तुझा जोर आधी त्याला आकसण्यातच खर्च होतो, आणि ब्रेक धरेपर्यंत पेडल तळाशी गेलेलं असतं.

तेलाच्या टाकीच्या झाकणावर ब्रेकच्या तेलाचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, छापलेला असतो, तेच आण. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल असतं, ते यात चालत नाही. डबा सीलबंदच घे. घरात कुठे अर्धा उघडलेला डबा असेल तर तो वापरू नकोस, कारण हे तेल हवेतली ओल शोषतं. नवं कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. सिंहगड उतरताना ब्रेक सतत दाबून धरले की ते फार तापतात. तेव्हा पाइपात वाफ झाली तर चांगलं लागणारं पेडलही एकाएकी खाली जातं.

आदल्या रात्री चारही निपलांच्या, म्हणजे प्रत्येक चाकाशी हवा काढायला असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूंच्या, मुळाशी गंज सोडवणारं तेल मार. आपल्या गाडीची निपलं सहज सुटणार नाहीत, आणि घाईत पिळलीस तर तुटतील. साधा ओपन पाना लावू नकोस, सहा बाजूंचा रिंग पानाच लाव. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँड लावायचे, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके द्यायचे. विटा अजिबात नकोत, वीट भाराखाली अचानक फुटते.

पाइप आता रिकामे आहेत, म्हणून लगेच पेडल मारत बसू नका. टाकी भर, निपलाला पारदर्शक नळी लाव, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडव आणि निपल सैल करून ठेव. तेल आपल्या वजनाने खाली येतं. वेळ लागतो, लागू दे, पण टाकीवरची नजर हटवू नकोस. टाकी रिकामी झाली की वरून पुन्हा हवा शिरली आणि सगळं पहिल्यापासून करायला लागलं. चारही चाकांपर्यंत तेल आलं की मग पेडलचं काम.

सुरुवात सहसा सगळ्यात लांबच्या चाकापासून करतात. आपल्याकडे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने तेल पाइपात ढकलणारा भाग, उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो. मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असेल तर माझं सोड, तोच धर.

आता नीट वाच, कारण काम बिघडतं ते इथे. दोघींनी मोठ्याने बोलायचं आणि उत्तर ऐकल्याशिवाय काही करायचं नाही. ती पेडल सावकाश दाबेल आणि दाबून धरून म्हणेल, "दाबलं." मग तू निपल पाव फेरा सोडशील. नळीतून तेल आणि बुडबुडे येतील, तिच्या पायाखालचं पेडल खाली जाईल, तरी तिने पाय उचलायचा नाही. तू निपल आवळून "बंद" म्हटल्यावरच तिने पाय सोडायचा. निपल उघडं असताना पाय सुटला तर पेडल वर येताना हवा आत ओढतं. तिला आधी दोन-चारदा कोरडा सराव करायला लाव, आणि त्या वेळात फोन दोघींनीही लांब ठेवा.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेव. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबरी सील नेहमी जिथपर्यंत जातात त्याच्या पुढे गंज धरलेला असू शकतो. पेडल तळापर्यंत नेलं की सील त्यावर घासतात आणि फाटतात.

नळीत सलग स्वच्छ तेल दिसेपर्यंत थांबू नकोस. मध्येच एखादा बारीक बुडबुडा येत राहिला तर पान्याच्या दांड्याने कॅलिपरवर (चाकाची चकती दाबून धरणाऱ्या भागावर) हलकेच ठोक, अडकलेली हवा सुटते. तेल बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओत, नाहीतर रंग जाईल. निघालेलं तेल गटारात ओतू नकोस, बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे दे.

मग तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मार आणि जोराने दाबून धर. ते घट्ट लागलं पाहिजे आणि तिथेच राहिलं पाहिजे. धरून ठेवलेलं असतानाच इंजिन चालू केलंस तर थोडं खाली जाईल, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमुळे, त्याची काळजी नको. पण हळूहळू खचत राहिलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. पेडल दाबून धरलेलं असताना प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवून बघ, डोळ्याला न दिसणारी ओलही त्यावर उमटते. लागोपाठ मारल्यावर पेडल वर येऊन घट्ट होत असेल, तर मागच्या ड्रममधल्या शूंचं, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं, अंतर वाढलेलं असू शकतं, ते ॲडजस्ट करावं लागेल. दाबताना मऊ आणि लवचीक लागलं तर हवा आहे. तेव्हा कितीही उशीर झालेला असो, पुन्हा पहिल्या चाकापासून.

पहिली चाचणी पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. हँडब्रेक तारेवर चालतो, तेल गेलं तरी मागची चाकं धरतो. मग सकाळी लवकर एखाद्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर. कात्रजचा जुना घाट त्यानंतर, आणि उतरताना खालचा गिअर टाकूनच. आंबा घाट उतरून इकडे येण्याची घाई करू नकोस. आधी काही दिवस शहरातच चालव, रोज टाकीतली पातळी बघ, ती उतरली नाही तर ये.

गॅरेजमध्ये दे असं आई म्हणत होती. मी तिला सांगितलं की पोरगी पाइप एवढे व्यवस्थित बसवते, तिला हेही जमेल. पण पेडलबद्दल जराशीही शंका राहिली तर गाडी जागची हलवू नकोस. मेकॅनिकला तिथे बोलाव, पैसे मी देतो.

एबीएस, म्हणजे जोराने ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपल्या गाडीला नाही, हे सोपं पडलं. नाहीतर त्याच्या युनिटात अडकलेली हवा काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो. मैत्रिणीच्या नव्या गाडीवर हेच करायला जाऊ नका.

नळी आणि माझा रिंग पाना एसटीच्या पार्सलने स्वारगेटला पाठवतोय. शनिवारी चाकं चढवण्याआधी व्हिडिओ कॉल कर आणि बदललेला प्रत्येक जोड मला दाखव.

तुझा,
बाबा