पॅकेजआधी मशीन लॅब बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवेश पुरवणीत इंजिनीअरिंग कॉलेजांचे कट-ऑफ आणि ‘सर्वोच्च पॅकेज’ असा तक्ता आला आहे. इलेक्ट्रिकलला जाणाऱ्या मुलांना त्यातला शेवटचा रकाना फारसा कामाचा नाही. तो आकडा अख्ख्या कॉलेजचा असतो, आणि बहुधा कॉम्प्युटरच्या एखाद्या पोराचा. इलेक्ट्रिकलची किती मुलं नोकरीला लागली आणि त्यातली किती सॉफ्टवेअरला गेली, हे वेगळं विचारावं लागतं. मानांकनाचंही तेच. नॅकचं मानांकन अख्ख्या कॉलेजला मिळतं, एनबीएचं एकेका शाखेला, तेही मुदतीपुरतं. कमानीवर नॅकचं ‘ए प्लस’ असलं तरी इलेक्ट्रिकलचं एनबीए चालू आहे का, ते पाहायला हवं.

मी इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये सहायक होतो. त्यामुळे माझं सांगणं एवढंच, की ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरण्याआधी मुलांना घेऊन ती लॅब बघून या. आधी एसी सेमिनार हॉल दाखवतील, तो बघा आणि मग मशीन लॅब उघडायला सांगा. डीसी मोटरच्या कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या फिरत्या भागावर, नजर टाका. मोटर नेमाने चालत असेल तर त्यावर चॉकलेटी झाक असते. नुसती पडून असेल तर धूळच सांगते.

मग ट्रान्सफॉर्मरची सम्पनर टेस्ट होते का, विचारा. तिला दोन अगदी सारखे ट्रान्सफॉर्मर लागतात. ते पाठीला पाठ लावून जोडले की बाहेरचा लोड न लावता दोघांचे पूर्ण भाराचे लॉसेस, म्हणजे वाया जाणारी वीज, मोजता येतात. दोनपैकी एक जळालेला असेल तर टेस्ट होत नाही, पण जर्नलमध्ये रीडिंग मात्र सगळ्यांची येतात! ती कुठून येतात ते सीनियर मुलांना विचारा, हसत हसत सांगतील. अल्टरनेटर (एसी जनरेटर) सिंक्रोनाइझ करताना, म्हणजे चालू लाइनशी ताल जुळवून जोडताना, मधे लावलेले तिन्ही दिवे एकदम विझतात, तो क्षण गाठून स्विच टाकायचा असतो. तो मुलं टाकतात, की सर टाकतात आणि मुलं बघतात?

सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय इंजिनीअरिंग कॉलेज मिळालं तर आमच्याकडे कोणी पुढे विचारत नाही. पण तिथल्या जागा मोजक्या. खरी निवड करावी लागते ती उरलेल्यांना.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला इलेक्ट्रिकलच हवंय. काका म्हणतात, पोरीनं काय खांबावर चढायचं? (काकांना रिले, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या यंत्रणेचं टेस्टिंग, सबस्टेशन डिझाइन, सोलर हे सगळं खांबच वाटतं.) आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पुण्यातली खोली आणि मेस मात्र घरच्यांनाच भरावी लागते. म्हणून जवळच्या कॉलेजची लॅब चालू असेल तर मी तेच वर टाकायला सांगितलं. पुढे पॉवरग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीतल्या नोकरीसाठी गेट परीक्षा द्यायची झाली तरी मशीन्स आणि पॉवर सिस्टिम्स हे विषय टळत नाहीत.

पुढच्या पुरवणीत शाखानिहाय रकाने द्यावेत: एनबीएची मुदत, इलेक्ट्रिकलचे पूर्णवेळ प्राध्यापक, त्याच क्षेत्रात लागलेली मुलं. कॉलेजांनीही फॉर्म भरायच्या दिवसांत एक शनिवार मशीन लॅब पालकांसाठी उघडी ठेवावी, मोटरी चालू करून.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज