किरणोत्सव, टाकीची पाईप आणि शाळेचा प्रोजेक्ट

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

राजारामपुरीत माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विज्ञान प्रदर्शनाचा सीझन आला की रात्री साडेनऊला, मी शटर ओढायच्या बेतात असतो, तेवढ्यात एखादी स्कूटी येऊन थांबते, मागं पोरगं पेंगत असतंय आणि आई म्हणते काका ज्वालामुखीचं सामान हाय का, उद्या सकाळी द्यायचंय. मग सनबोर्ड, फेविकॉल, लाल रंग, खायचा सोडा. नाहीतर सिरिंजचा जेसीबी. नाहीतर पवनचक्की. पोरगं काय बोलतच नाही, त्याला विचारलं तर आईकडं बघतंय. धंदा माझा होतो, नाही कशाला म्हणू, पण तेच ज्वालामुखी दरवर्षी विकून मलाच आता कंटाळा आलाय.

आता मुद्द्याचं सांगतो. मागच्या वर्षी दसरा झाल्यावर आठवीतली एक पोरगी आली, आलेख कागद मागायला. चार कागद घेतले आणि ऑइल पेंटची सगळ्यात बारकी डबी. मी म्हटलं काय गं, एवढ्यात कसला प्रोजेक्ट? तर म्हणे किरणोत्सव वर्षातून दोनदा का होतो ते बघायचंय. आपल्याला सगळ्यांना माहितीय की नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत अंबाबाईपर्यंत जातात. कधी ढग येतात, कधी इमारतींचा अडथळा होतो, ते सगळं तुमच्याच पेपरात वाचतो. पण दोनदाच का आणि याच तारखांना का, हे मी पन्नाशी ओलांडली तरी स्वतःला कधी विचारलं नव्हतं, खरं सांगतो.

तिनं काय केलं बघा. गच्चीवर पाण्याच्या टाकीची एक उभी पाईप, तिच्या पूर्वेला दहा-एक फुटांवर जिन्याच्या खोलीची भिंत. सूर्य अगदी टेकला की पाईपची सावली त्या भिंतीवर पडते, तिथं रोज एक बारीक रेघ आणि शेजारी तारीख. सूर्याकडं बघायची गरजच नाही, डोळ्याला त्रास नाही, खर्च म्हणाल तर पेंटची डबी (खडूनं सुरुवात केली होती, पण परतीच्या पावसानं दोन दिवसात धुवून नेलं). ऑक्टोबरात रेघ रोज दोन-दोन सेंटीमीटर डावीकडं म्हणजे उत्तरेला सरकायची, कारण सूर्य दक्षिणेला निघाला होता. नोव्हेंबरात जरा कमी. आणि डिसेंबरच्या मध्यापासून रेघा एकमेकीवरच बसायला लागल्या. ती दुकानात येऊन म्हणते काका सूर्य थांबलाय. मी हसलो, पण घरी जाऊन पोराच्या पुस्तकात बघितलं, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेचं टोक गाठतो आणि मागं फिरतो, तेच ते. शाळेत पाठ केलं होतं आम्ही पण, भिंतीवर कधी बघितलं नव्हतं.

पण प्रदर्शन डिसेंबरातच होतं ना. तिच्या तक्त्यावर ढगाळ दिवसांच्या जागा कोऱ्या होत्या, त्या बघून तिला सांगितलं गेलं की अंदाजानं भरून टाक, कोरं वाईट दिसतंय. पोरीनं भरलं नाही. मग परीक्षक आले, पहिला प्रश्न, मॉडेल कुठाय? मॉडेल नव्हतं, गच्ची काय उचलून नेणार? लाइटिंगवाल्या जेसीबीला पहिला नंबर. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण एका शाळेचा हा प्रश्न नाही, सगळीकडं तेच चाललंय, माझ्या गल्ल्यावर बसून सगळ्या शाळा दिसतात.

गंमत म्हणजे नियम तसे नाहीतच. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून आहे, १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, तिथं आपल्या गावातला प्रश्न घ्या, मोजमाप करा, रोजची नोंदवही ठेवा हेच सांगतात, मॉडेलचं कौतुक नाही. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या शाळकरी मुलांसाठीच्या योजनेत निवड झाली तर १० हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात आणि ते पण कल्पनेसाठी. आणि २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो तो कशाचा, तर रामन साहेबांच्या शोधाचा. १९२१ ला बोटीतून येताना समुद्र निळा का हा प्रश्न त्यांना पडला, शोध लागला १९२८ ला. सात वर्षं झाली की हो. आमच्याकडं नोटीस येते सात दिवस आधी.

म्हणून विनंती एवढीच की प्रोजेक्टचं जूनमध्येच सांगा आणि विषयांची यादी देऊ नका, पोरांना विचारू दे. विषय असा हवा की त्यात आकडा निघेल आणि पोराला स्वतःला मोजता येईल. तुमचा पेपरच घ्या ना, पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज छापता, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, ते अख्ख्या कोल्हापूरला पाठ आहे. शेजारी गगनबावडा, राधानगरीचा पाऊस पण छापता. रोज कात्रण काढून दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडले तर वर पडलेला पाऊस बंधाऱ्यावर किती वेळानं दिसतो ते सातवीतलं पोरगं सांगेल, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले दिवस वेगळ्या रंगात दाखवले तर अजून मजा. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांची पोरं तर हे जीव लावून करतील. नाहीतर गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणा, विरजणाचं प्रमाण तेवढं बदला, बाकी सगळं सेम ठेवा, तीन-तीनदा करा. दही नाही लागलं तर नाही लागलं असं लिहायचं, त्याला मार्क कापायचे नाहीत. आणि शाळेचं प्रदर्शन डिसेंबरऐवजी विज्ञान दिनाला ठेवलं तर काय बिघडतंय? पाऊस आणि थंडी दोन्ही हाताशी येतात.

त्या पोरीचं सांगायचं राहिलं. प्रदर्शन संपलं तरी ती रेघा मारतच होती, कुणी सांगितलं नव्हतं. २ फेब्रुवारीला संध्याकाळी पळत दुकानात आली, गिऱ्हाईक उभं होतं तरी मधेच म्हणे काका, कालची रेघ १० नोव्हेंबरच्या रेघेजवळ आली, एका बोटाचं अंतर राहिलंय. मग तिथंच काउंटरवर दोघांनी कॅलेंडर काढून मोजलं, १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस आणि तिथनं १ फेब्रुवारी ४१. म्हणजे सूर्य जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच जागी येतो, म्हणून दोनदा. गिऱ्हाईक पण मोजायला लागलं, त्याचं झेरॉक्स राहिलं बाजूला.

आता तिच्या घराला रंग काढायचाय. वडील परवा डिस्टेंपरचे ब्रश घ्यायला आले होते, म्हणाले जिन्याची भिंत तेवढी सोडा म्हणून पोरगी हटून बसलीय, काय करू? मी त्यांना एक ब्रश कमीच दिला.

आपला,
एक स्टेशनरी दुकानदार,
राजारामपुरी, कोल्हापूर