प्लास्टर मोफत आहे, खाडा मोफत नाही : वाकड्या पावलांच्या बाळांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या आपल्या भागातल्या मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतील. त्यांच्यासोबत जन्मतः पाऊल आत वळलेली, उपचार अर्धवट राहिलेली बाळेही जातील. या बाळांसाठी आपले गावकरी मंडळ यंदा निधी उभा करत आहे. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट होतो, मग वर्गणी कशाला, असा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हा दोष असतो. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. टाच वर चढलेली, तळवा आत वळलेला. निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. तो बरा होतो, आणि बहुतेक बाळांना मोठ्या शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेली पद्धत आता जगभर वापरतात. तान्ह्या बाळाचे सांधे लवचीक असतात. डॉक्टर हाताने पाऊल हळूहळू बाहेर वळवतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला जुने काढून, पाऊल आणखी थोडे वळवून नवे घालायचे. अशी पाच-सहा प्लास्टरे झाली की बहुतेक बाळांची टाचेमागची आखडलेली शीर एका छोट्याशा छेदाने मोकळी करतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ होते.

खरी कसोटी त्यानंतर लागते. पाऊल पुन्हा आत वळू नये म्हणून दांडीने जोडलेले बूट घालावे लागतात. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. बाळ सुरुवातीला रडते, आईला दया येते, शेजारीण म्हणते, “पाय तर सरळ दिसतोय, आता कशाला?” बूट सुटले की पाऊल परत फिरण्याची भीती फार मोठी.

आपल्याकडे याला ऊसतोडीची जोड आहे. आषाढात जन्मलेल्या बाळाची प्लास्टरे श्रावण-भाद्रपदात होतात, दसऱ्याला बूट मिळतात, आणि त्याच सुमारास आईबाप उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन कारखान्यावर जातात. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रात्री दोनला उठून गाडी भरायला निघालेल्या बाईने बूट कधी बांधायचे? बूट लहान झाले तर बदलायला जायचे कोणी? गेले तर खाडा पडतो, म्हणजे कामाचा दिवस बुडतो, आणि तो उचलीत चढतो. बाळ भर हंगामात जन्मले तर प्लास्टरच्या प्रत्येक आठवड्याला एक खाडा. एसटीत बाईला निम्मे तिकीट आहे, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही, पण बुडालेल्या दिवसाची सवलत कुठे मिळत नाही. पाडव्याला टोळी परत येते तेव्हा सरळ केलेले पाऊल पुन्हा वळलेले असते. त्यात आईचा दोष आहे असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

म्हणून मंडळ त्या दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च कुटुंबाच्या हातात देणार आहे. मोठ्या मापाचे बूट वेळेवर मिळाले नाहीत तर तेही विकत घेऊन देऊ. जमेल ती रक्कम द्या. पैसे मंडळाच्या खात्यावर भरा किंवा कार्यालयात द्या, आणि पावती घेतल्याशिवाय परत जाऊ नका. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. मुलांची नावे मात्र वाचणार नाही, फोटोही लावणार नाही.

पैशाशिवायही मदत हवी आहे. टोळ्या नेणाऱ्या मुकादम मंडळींना हात जोडून विनंती : ज्या कोयत्यासोबत, म्हणजे तोडणीच्या जोडप्यासोबत, असे बाळ आहे, त्याचा दवाखान्याचा दिवस खाड्यात धरू नका. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे नोकरीला असलेल्या आपल्या माणसांनी जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात, कोणत्या वारी ही प्लास्टरे घालतात ते विचारून कळवावे. शक्य असेल तर त्या दिवशी गाडी द्यावी. प्लास्टर ओले झाले, बोटे थंड किंवा निळी पडली, तर बाळाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे लागते. अशा वेळी उसाच्या फडाजवळ ओळखीचे एक माणूस असणे फार मोलाचे आहे.

आशाताई, सुईणी आणि घरातल्या आजींना सांगणे असे की, बाळाचे पाऊल आत वळलेले दिसले तर पहिल्या आठवड्यातच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी आणि उपचार आहेत. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, हे बाळंतिणीला ऐकवणे आधी बंद करा. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडत नाही, काही घरांत ते आनुवंशिक असते. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मूल चालायला लागले असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेवर घट्टे पडले असतील, तरी दाखवा. उपचार लांबतो, पण होतो.

ज्यांच्या मुलांना बूट आखूड झाले आहेत त्यांनी ते फेकू नयेत. दांडीसकट मंडळात आणून द्यावेत. डॉक्टरांना दाखवून, माप जुळवूनच ते दुसऱ्या बाळाला दिले जातील. बूट आणि वर्गणी दसऱ्याच्या आत पोहोचवा, म्हणजे टोळ्या निघण्याआधी वाटप पूर्ण करता येईल.

आपले,
गावकरी मंडळ