ऐरोलीचं घर घेतलं नाही

ठाणे,
रविवार संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी ‘बरं, बरं’ म्हणत फोन तुझ्याकडे दिला असता आणि तू ‘जेवलीस का’ विचारून विषय संपवला असतास. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. तुझ्या डोळ्यांत ड्रॉप घातलेले असतील तर बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं. मात्र बाबा, न आवडलेल्या ओळी गाळायच्या नाहीत. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

ऐरोलीचं घर आपण घेत नाही. कळव्याला घेतलं आहे. टोकन देऊन झालं, बँकेची कर्जमंजुरी आली, येत्या आठवड्यात रजिस्ट्रेशन. म्हणजे ‘घेऊ का?’ असं विचारणारं हे पत्र नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर बाबा वही काढून फायदे-तोटे मांडायला बसतील.

तुम्हाला वाईट वाटणार हे मला कळतंय. ऐरोलीचं घर आपल्या सगळ्यांच्या मनात भरलं होतं. तुमची वेगळी खोली, लिफ्ट, खाली फिरायला जागा. आई, तू तर कापड बाजारातून पडद्यांचं कापडसुद्धा आणून ठेवलंस. महिला मंडळातही सांगून झालं असणार. कोणी विचारलं तर ‘व्यवहार जमला नाही’ म्हणून सांग. खोटं नाही ते.

काय झालं ते सांगते. मालक सज्जन माणूस, चहा-खारी आग्रहाने दिली. १ कोटी १० लाखाला सौदा ठरला. मग एजंटने टेबलावर पडलेलं विजेचं बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन आकडे लिहिले, ८५ आणि २५. पंचवीसभोवती गोल केला. तोंडातून चकार शब्द नाही. मी आकडे वाचले आहेत याची खात्री झाल्यावर बिलाच्या चार घड्या करून त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं. दिवसभर लोकांची बिलं तपासायचाच माझा धंदा. ८५ करारनाम्यात, २५ रोख.

मी म्हटलं, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, २०१५ पासून कायदा आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. एजंट हसला. म्हणाला, ‘मॅडम, कायदा आम्हालाही पाठ आहे. उलट तुमचीच स्टॅम्प ड्यूटी दीड लाखाने वाचते.’ मालक खाली बघत खारी चहात बुडवत होते. त्यांचाही मला राग आला नाही. त्यांनी हे घर घेताना असंच घेतलं असेल.

आता हिशोबाची कारणं सांगायची तर पाहिजे तेवढी आहेत. बँक कर्ज देते ते करारातल्या रकमेवर. पुढेमागे घर विकलं तर कागदावर खरेदी कमी दिसणार आणि नफा फुगलेला, त्यावरचा कर आपल्याच डोक्यावर. शिवाय २५ लाख पिशवीत घालून न्यायचे, पावती नाही, उद्या समोरचा फिरला तर कोणाकडे जायचं? तुमच्या जावयांना मी हीच कारणं रात्री उशिरापर्यंत ऐकवली. ते म्हणाले, ‘सगळं खरं, पण सगळ्यांनी घरं घेतलीच ना? आणि आपण हे आई-बाबांसाठी करतोय.’ त्यांना दोष देऊ नका. गेली दोन वर्षं दर रविवारी तेच माझ्याबरोबर घरं बघत उन्हातान्हात हिंडले आहेत, आणि शेवटी ‘ठीक आहे, सोड’ हेही तेच म्हणाले.

बाबा, आता पुढचं जरा सावकाश वाचा.

ही सगळी कारणं खरी असली तरी माझा निर्णय त्यांच्यामुळे ठरला नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘एफडी मोडतो. दर आठवड्याला थोडे थोडे काढले तर कोणाच्या लक्षात येणार नाही.’ कोणाच्या लक्षात येणार नाही, हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. रागावू नका. तुम्ही ते माझ्यासाठी म्हणालात, आणि या वयात आयुष्यभराची पुंजी असं कोण काढून देतं हेही मला कळतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जामखेडला पाझर तलावाच्या मोजमाप पुस्तकावर तुमची एक सही हवी होती, तीही कोणाच्या लक्षात आली नसती. तुम्ही ती केली नाहीत. मग अकोल्याची बदली, आईचं मशीन, दादाचं वर्ष, यातलं काहीच मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा स्वतःसाठी जे केलं नाही ते आता तुम्ही माझ्यासाठी करायला निघालात. ते मला नाही चालणार, बाबा. लेक म्हणून नाही चालणार.

आणि जामखेडचं नाव निघालंच आहे तर, तुम्ही आम्हाला डॉ. आरोळ्यांचं काम दाखवायला न्यायचात, आठवतं? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल अमेरिकेत शिकून १९७० साली तिथे आले, शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना शिकवून त्यांनी गावोगाव आरोग्यसेविका तयार केल्या, १९७९ चं मॅगसेसे मिळालं, हे सगळं तुम्ही रस्ताभर सांगायचात. आम्हाला तेव्हा त्यात रस नव्हता, आमचं लक्ष परतीच्या उसाच्या रसाकडे. पण तुमचं एक वाक्य डोक्यात राहिलं. ‘इथे येशूचं नाव भिंतीवर शोधू नका, विहिरीवर बघा.’ रविवारच्या किती उपदेशांत मी पेंगले असेन, हे मात्र विसरले नाही.

मी काही फार मोठी विश्वासणारी आहे असं समजू नका. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून अजून भांडते. कामवाल्या मावशींनी दांडी मारली की सकाळची प्रार्थना घड्याळाकडे बघत होते. ऑफिसात दिवाळीला पुरवठादारांकडून येणारी पाकिटं परत करते, तर त्यावर मैत्रिणी हसतात आणि मला ते लागतंही. पण जिथे निवड करायचा अधिकार खरोखर माझ्या हातात आहे, तिथे तरी रविवारची मी आणि सोमवारची मी एकच असावी, एवढंच. आमच्या पाळकसाहेबांनाही यातलं काही बोललेले नाही.

म्हणून आई, तुला हात जोडून विनंती. ही गोष्ट मंडळीत साक्ष म्हणून उभी राहून सांगू नकोस. मला माहीत आहे, तुला भरून येईल आणि तू माईक सोडणार नाहीस. प्रार्थनेच्या विनंत्या विचारतील तेव्हा ‘बेबीला घर मिळालं, आभार माना’ एवढंच सांग. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू द्यायचं नाही, हे तूच पाठ करून घेतलंस ना? शिवाय त्या मालकांचं काय, एजंटचं काय, ते वाईट आणि आम्ही चांगले असं त्यातून निघतं. तसं नाही ते.

आता घराचं सांगते.

वन बीएचके आहे. हो, एकच बेडरूम. ती तुमची. आम्ही तिघं हॉलमध्ये झोपणार, त्यावर चर्चा नाही. मुंबईकडे निम्मी माणसं हॉलमध्येच झोपतात आणि नातवाला तर गादी घालून झोपायचं म्हणजे सहल वाटते. तळमजला आहे, रस्त्यावरून दोनच पायऱ्या, बाजूला कठडा बसवून घेते आहे. बाबांच्या गुडघ्याला लिफ्टपेक्षा हे बरं, लिफ्ट बंद पडते, तळमजला बंद पडत नाही. संडास कमोडचा. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावायला माणूस येऊन माप घेऊन गेला. न्हाणीत घसरणार नाहीत अशा फरशा घालते आहे. गिझर आहे, पण उन्हाळ्यात तो कोणी लावणार नाही, वीजबिल मीच भरणार आहे.

बिल्डिंग जुनी आहे, बाहेरून रंग उडालाय, बघून नाक मुरडू नका. मुद्रांक शुल्कात मात्र बाईच्या नावावर घर असल्याने १ टक्का सवलत मिळाली. एकूण एक पैसा चेकने. कागदांची प्रत पाठवते, बाबा, तुम्ही लाल पेनाने तपासाच.

दवाखान्याची काळजी नको. कळव्यातच पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, साखर आणि बीपी बघायला जवळ एक डॉक्टर बाईही आहेत, मी स्वतः बोलून आले. उपासनेला खाडीपूल ओलांडला की ठाणे. आम्ही जातो तिथे मराठीतच उपासना, गीतंही तीच, फक्त चाली थोड्या जलद. पहिल्या रविवारी बाबा नाक मुरडतील, दुसऱ्या रविवारी सुधारायला निघतील. तुम्हाला सेंट जेम्स चर्चलाही नेणार आहे. १८२५ चं आहे, बिशप हेबर यांनी प्रतिष्ठा केलेलं. आणि कळव्याच्या पुढे पारसिकचा बोगदा आहे, १९१६ चा, साधारण १.३ किलोमीटर. बाबा, तो बघायला तुम्ही मला न सांगता जाणार हे मी आत्ताच लिहून ठेवते. गाडीत बसून बघायचा, रुळांवरून चालत नाही. कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोच पकडायची.

‘लेकीच्या घरी कायमचं राहायचं कसं’, हे तुम्ही दोघं रात्री दिवा घालवल्यावर बोलता, दादाने मला सांगितलंय. आई, लहानपणी कुटुंब-प्रार्थनेत मी तुझ्या मांडीवर झोपून जायचे. तुझ्या पदराला मशीनच्या तेलाचा वास यायचा, आणि बाबांची प्रार्थना लांबली की तू हळूच माझ्या कपाळावरचे केस मागे सारायचीस. आमेन म्हटलेलं मला कधी ऐकू आलंच नाही. तेव्हा मी कोणाच्या घरी राहते असा हिशोब कोणी मांडला होता? रात्री नऊ वाजता आमच्या हॉलमध्ये प्रार्थना बाबांनी चालवायची. लांबली तरी चालेल. शेजारच्यांची मालिका त्याच वेळी जोरात सुरू असते, तेवढं सहन करा.

आता सूचना. नीट ऐका.

एफडी मोडायची नाही. मोडली असेल तर पैसे पुन्हा ठेवा, आणि नॉमिनीमध्ये आईचं नाव आहे का ते बँकेत जाऊन बघा. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजने येऊ नका, दरडी कोसळतात. पाऊस ओसरू दे, मीच गाडी घेऊन येते. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो तिकडेच देऊन या म्हणजे इथे धावपळ नको. बाबांनी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केलेली नाही, मला कळलंय. या आठवड्यात करा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, ‘नॉर्मल आहे’ असा निरोप चालणार नाही. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नगरलाच उरकून घ्या, तुझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत तिथे तू शांत असतेस. मी आठ दिवस रजा टाकते.

सामान कमी आणा. पितळेचे डबे नकोत. लोखंडी कपाट नको, ते बेडरूमच्या दारातून आत जाणार नाही, मी मोजलंय. शिलाई मशीन आणा. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र आणा. बाजरीचं पीठ मात्र आणू नका, इथल्या गिरणीत मिळतं, चव वेगळी लागली तरी तक्रार करायची नाही. बाबांच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नकोस आई, त्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणि पडद्यांचं कापड. बेडरूमला एकच खिडकी आहे, चार फूट बाय साडेतीन. बाकीच्या कापडाचे दिवाणाचे अभ्रे होतील. तू माप धरून शिवत बसू नकोस, इकडे आल्यावर शिव, खिडकीची चौकट जरा तिरकी आहे.

बाबा, तुम्ही दोन दिवस बोलणार नाही हे गृहीत धरून मी बुधवारी फोन करते. तेव्हा रिपोर्टचं आधी सांगायचं.

दादाला कळवलंय. नातवाचा तुम्हा दोघांना पापा.

तुमची,
बेबी

ता. क. : बाबांनी वरचं सगळं वाचून दाखवलं का, आई? एफडीचा परिच्छेद गाळला असेल तर पत्र तुझ्या हातात घे आणि शेजारच्या काकूंकडून वाचून घे.