पेशी किती, हे कळलं, किती तऱ्हेच्या?

संपादक महोदय,

मूलपेशींपासून प्रयोगशाळेत टी-पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, वाढवण्यावरचा रविवारच्या अंकातला लेख वाचला. ‘कोट्यवधी पेशी’ हे शब्द त्यात चारदा आले. त्या एकमेकींहून किती वेगळ्या आहेत, हे एकदाही नाही. अनेक वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण हे खटकलं.

टी-पेशीच्या अंगावर बहुधा एकाच घडणीचे रिसेप्टर, म्हणजे शत्रू ओळखणारे रेणू, असतात. पेशी जनुकांचे व्ही, डी, जे असे तुकडे कापून जोडते आणि सांध्यात टीडीटी नावाचं विकर कुठलाही नमुना समोर न ठेवता डीएनएची चार-दोन अक्षरं पदरची घुसवतं. या धसमुसळेपणातून शक्य असलेल्या रिसेप्टरांचा आकडा एकावर पंधरा शून्यांच्याही पुढे जातो. शरीरात तेवढ्या टी-पेशीही नसतात. कधीच न पाहिलेल्या विषाणूला ओळखणारी एखादी पेशी आपल्यात सापडते ती यामुळेच.

काचेच्या बशीत नेमकं इथेच घोडं अडतं. तिथल्या पेशींत टीडीटी अनेकदा कमी असतं, सांधे आखूड राहतात, आणि पेशी गर्भातल्यासारख्या दिसतात. त्यातही मूलपेशी मुळात एखाद्या टी-पेशीलाच मागे नेऊन बनवली असेल, तर जुना रिसेप्टर तिच्या डीएनएत कोरलेलाच असतो. जपानमधल्या दोन गटांनी 2013 मध्ये हेच वापरून एकाच लक्ष्यावर जाणाऱ्या पेशी वाढवल्या. एका कर्करोगासाठी ते सोयीचं. सर्वसाधारण प्रतिकारशक्तीसाठी नाही. पुढे 2022 मध्ये बोस्टनच्या जॉर्ज डेली यांच्या गटाने ईझेडएच1 हे जनुक दाबलं, तेव्हा पेशी अधिक प्रौढ झाल्या आणि रिसेप्टरांची विविधताही वाढली. लेखात हे यायला हवं होतं.

मोजणीतही गफलत होते. पन्नास पेशींनीच वाढून दहा लाखांचा जमाव केला, तर विविधता पन्नासांचीच. म्हणून वार्ताहरांनी संशोधकांना विचारावं: सुरुवात किती पेशींनी केली, आणि शेवटी वेगळे रिसेप्टर किती सापडले?

जाता जाता, चौकटीत आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या ‘नेक्सकार19’ या कर्करोगावरच्या उपचाराचा उल्लेख आहे. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या तयार टी-पेशी घेऊन त्यांना बाहेरून कृत्रिम रिसेप्टर बसवतात. मूलपेशींचा तिथे संबंध नाही. तेवढी दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा